सुलभाताईंच्या रायफलचं माप

"मिलिंद, ही बंदूक वाकडी आहे," असं म्हणून सुलभाताईंनी कुलूप लावलेली लांबलचक केस काउंटरवर ठेवली आणि नियमाप्रमाणे दीड मीटर मागे जाऊन उभ्या राहिल्या. तोंडाला मास्क, मास्कच्या वर चष्मा, चष्म्यावर वाफ. त्या वाफेतूनही त्यांची नजर मला जाणवत होती.

रायफल दुसऱ्यांदा परत आली होती. तिच्यावर मी तीन आठवडे घालवले होते. आणि म्हणे वाकडी! 'नाचता येईना अंगण वाकडं' हे अगदी ओठांवर आलं होतं, पण ताई माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठ्या. मी नुसतं म्हटलं, "बघतो, ताई."

आधी माझ्या धंद्याबद्दल सांगतो, कारण मराठी माणसाला मी गनस्मिथ आहे म्हटलं की तो एक पाऊल मागे सरकतो. मी बंदुका बनवत नाही आणि विकतही नाही. लोकांच्या लायसन्सच्या बंदुका दुरुस्त करतो, आणि ज्याची बंदूक त्याच्या अंगाला बसवून देतो. शिंप्याचं काम, फक्त कापडाच्या जागी लाकूड आणि लोखंड. पुण्यात भोसरीला टूलरूममध्ये अकरा वर्षं काढली. बायकोच्या आयटीच्या व्हिसावर मेलबर्नला आलो, दोन वर्षं मोटारींच्या बंपरच्या फॅक्टरीत शिफ्ट केल्या, आणि मग डँडेनॉन्गच्या इंडस्ट्रियल एरियात रॉसच्या वर्कशॉपमध्ये लागलो. आईला अजून सांगितलेलं नाही. तिच्या लेखी मी 'प्रिसिजन इंजिनिअरिंग'मध्ये आहे, आणि ते काही खोटं नाही.

रॉस माझा बॉस. सत्तरी ओलांडलेला, कमी बोलणारा, जुना टूलमेकर. माझं नाव त्याने पहिल्याच दिवशी 'मिल' करून टाकलं.

आता मल्टी-गन मॅच म्हणजे काय ते. एकाच मॅचमध्ये दोन-तीन प्रकारच्या बंदुका वापरायच्या. टायमर वाजला की एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत चालत, वाकत, कधी पिंपामागून डोकावत जायचं आणि लोखंडी प्लेट पाडायच्या. लांबच्या प्लेट रायफलने, जवळच्या शॉटगनने. ज्याचा वेळ कमी आणि प्लेट जास्त, तो जिंकला. कोणाला इजा नाही, कोणाशी भांडण नाही. मोठ्या माणसांची लगोरीच म्हणा ना.

इतर देशांत या खेळाला आपोआप भरणाऱ्या रायफली वापरतात. ऑस्ट्रेलियात त्या सामान्य माणसाला मिळत नाहीत. म्हणून इथले लोक जुन्या पद्धतीची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल घेतात. तिच्या पोटाखाली एक कडी असते. कडी खाली-वर केली की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवीन काडतूस आत जातं. दिसायला थेट घोड्यावरच्या गुराख्याची बंदूक, पण खेळण्यासाठी तिच्यावर आधुनिक सामान चढवायचं. नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी काच, म्हणजे रेड-डॉट. कडीला बोटं सोलू नयेत म्हणून चामडं. दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकायच्या लाकडावर, गालाला आधार देणारा उंचवटा. नऊवारीवर स्पोर्ट्स शूज घातल्यासारखं ते ध्यान दिसतं, पण पळायला उत्तम.

सुलभाताई ग्लेन वेव्हर्लीच्या. पॅथॉलॉजीत काम करायच्या. कोविड आल्यापासून त्यांची ड्युटी ड्राइव्ह-थ्रू टेस्टिंगवर लागली होती, दिवसभर गाडीच्या खिडकीतून लोकांचे स्वॉब घ्यायचे. बरोबरीची एक ऑस्ट्रेलियन बाई नेमबाजीच्या क्लबात जायची, तिने यांना नादाला लावलं. रायफल कशाला घेतलीत असं मी पहिल्या फोनवर विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "सहा महिने लोकांच्या नाकात काड्या घातल्यात रे. आता काहीतरी पाडायचंय."

ऑर्डर आली तेव्हा दुसरा लॉकडाऊन जोरात होता. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. दुकानाचं शटर खाली आणि आत मी एकटा. रॉसला वयामुळे घरी बसवलं होतं. तो फोनवर म्हणाला, "मिल, हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझं." माझं पहिलं अख्खं काम, आणि गिऱ्हाईक आपलं माणूस. मी हवेत होतो.

माप घ्यायला समोर माणूस लागतो. तो नव्हता, म्हणून व्हिडिओ कॉल केला. कोपराच्या खाचेपासून तर्जनीच्या पेरापर्यंतचं अंतर त्यांनी शिवणाच्या टेपने मोजून सांगितलं. फॉर्म भरताना मी विचारलं, "ताई, लिहिता कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"जेवता?"

"हा काय प्रश्न झाला? उजव्याच."

मी 'राइट-हँडेड'वर टिक केली. मग खांद्याची उंची बघायला त्यांना मॉप रायफलसारखा धरायला सांगितला. त्या हॉलमध्ये मॉप खांद्याला लावून उभ्या राहिल्या. मागून मुलीचा आवाज आला, "आई, व्हॉट आर यू डुइंग विथ द मॉप?" ताई म्हणाल्या, "गप गं, फिटिंग चाललंय." मॉप मला डाव्या खांद्याला दिसला. म्हटलं, कॅमेऱ्यात उलटं दिसत असेल. तरी खात्री म्हणून बोललो, "ताई, उजव्या खांद्याला हं." त्यांनी पटकन खांदा बदलला. "सॉरी, सॉरी," म्हणाल्या. मी मापं लिहून घेतली आणि कामाला लागलो.

लॉकडाऊन उठल्यावर त्या रायफल घेऊन गेल्या आणि तीन आठवड्यांनी परत आल्या. बेंचवर बसून, एक डोळा मिटून, सावकाश मारलं की सगळं ठीक लागायचं. मॅचमध्ये टायमर वाजला, दोन्ही डोळे उघडे ठेवून घाईने मारलं, की गोळी प्लेटच्या शेजारून जायची. रेड-डॉटचा ठिपका तर सापडायचाच नाही. "मान वाकडी करकरून शोधते मी त्याला," त्या म्हणाल्या.

मी निदान केलं: चष्म्यावरची वाफ. मास्कमुळे. मोठ्या आत्मविश्वासाने त्यांना मास्कची वरची कड नाकाला चिकटवायला सांगितली. दिवसाला शेकडो मास्क हाताळणाऱ्या बाईला मी मास्क कसा लावायचा ते शिकवत होतो. त्यांनी ऐकून घेतलं, हा त्यांचा चांगुलपणा.

आणि आता ही दुसरी खेप. बंदूक वाकडी.

मी रायफल टेस्ट रेंजवर नेली, टेकूवर ठेवून पाच गोळ्या मारल्या. पाचही भोकं दोन डॉलरच्या नाण्याखाली झाकली गेली. नळी सरळ, काच सरळ. राहता राहिला दस्ता. मान वाकडी करावी लागते, म्हणजे गालाला आधार कमी पडतोय, असा मी हिशेब केला. अक्रोडाचा एक सुंदर तुकडा निवडला, त्यातून गालाखालचा उंचवटा नव्याने कोरला, दस्त्याच्या डाव्या बाजूला, कारण उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा गाल तिथे टेकतो. आधीपेक्षा बोटभर उंच केला. सात वेळा तेल दिलं. लाकडातल्या रेषा दस्त्याच्या रेषांना अशा जुळवल्या की सांधा कुठे आहे ते नखालाही कळू नये.

दरम्यान रॉस कामावर परत आला होता. त्याने तुकडा उजेडात धरून बघितला. "ब्युटिफुल," म्हणाला. मग विचारलं, "रायफलला काय झालंय?"

"काही नाही."

"मग ती इथे काय करतेय?"

मी तुकडा त्याच्या हातातून घेतला आणि पुन्हा पुसायला लागलो.

ताई न्यायला आल्या तेव्हा त्यांनी तुकड्यावरून हात फिरवला. "किती छान केलंयस रे," म्हणाल्या, आणि मग अगदी शांतपणे सांगितलं, "मिलिंद, तुला आधीच सांगून ठेवते. येत्या रविवारची मॅच शेवटची. रायफलच्या चोवीस प्लेट असतात. निम्म्या पडल्या, तर पुढे खेळेन. नाहीतर रायफल विकायची, लायसन्स परत करायचं, आणि बाल्कनीत कोथिंबीर लावायची."

"अहो ताई, इतक्यात कशाला?"

"इतक्यात? कॉलेजात एनसीसीला होते मी. तिथेही हेच. हवालदार म्हणाला होता, 'बेटी, तुम बँड में चली जाओ.' गेले. दोन वर्षं ड्रम वाजवला. मला वाटलं होतं, आता तरी जमेल. नसेल हातात तर नसेल. पन्नाशीनंतर माणसाने स्वतःला फसवू नये."

हे त्या हसत बोलत होत्या, पण मास्कच्या वर डोळे काही हसत नव्हते. मला फार वाईट वाटलं. कारण पहिल्या फोनवर मीच मोठ्या तोऱ्यात बोललो होतो, "ताई, नेम वगैरे काही नसतो. माप बरोबर असलं की गोळी लागतेच." बाईंनी त्या वाक्यावर विश्वास ठेवला होता.

त्या गेल्यावर रॉस म्हणाला, "मिल, तू रायफल तीन वेळा तपासलीस. तिला तपासलंस का?"

"मापं घेतलीत ना सगळी."

"संडेला जा तिच्याबरोबर. आणि रायफलकडे बघू नकोस."

रविवारी मी रेंजवर पोचलो. शहराबाहेर तासाभराच्या अंतरावर, गवताळ टेकडीच्या कुशीत. गेटवर क्यूआर कोड, मग सॅनिटायझर, मग नाव. दोन लॉकडाऊनच्या मधली मोकळीक होती ती. पुढच्या आठवड्यात काय असेल ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळे लग्नघरासारखे उत्साहात होते.

चार स्टेज होते. स्टेज म्हणजे एक डाव. प्रत्येकात रायफलच्या सहा प्लेट आणि शॉटगनच्या काही. शॉटगनच्या प्लेट जवळ आणि जेवणाच्या थाळीएवढ्या, त्या कोणाच्याही पडतात. त्यामुळे आमचं लक्ष रायफलच्या चोवीसांवर.

पहिल्या स्टेजला ताई उभ्या राहिल्या. बीप वाजला. रॉसने सांगितल्याप्रमाणे मी रायफलकडे न बघता त्यांच्याकडे बघत होतो. माझा तो देखणा उंचवटा गालाला लागल्या लागल्या त्यांची मान उजवीकडे कलंडायला लागली, लाकडाच्या वरून पलीकडे. आधार मी उंच केला होता, म्हणून आता ती आणखीच कलंडावी लागत होती. सहा प्लेटवर त्यांनी दहा गोळ्या घालवल्या. पडली एकही नाही.

चोवीसमधल्या सहा तिथेच गेल्या. उरलेल्या अठरांतून बारा हव्या होत्या.

ताईंनी बंदूक रिकामी करून दाखवली, रॅकमध्ये ठेवली आणि बाकीच्यांबरोबर प्लेट उभ्या करायला निघाल्या. या खेळात ज्याचा डाव झाला तोही सामान मांडायला लागतो. प्लेटवर पुन्हा पांढरा रंग मारायचा होता. रेंज ऑफिसर, म्हणजे मॅचवर देखरेख करणारी, डेब नावाची उंच बाई होती. तिने रंगाचा स्प्रे कॅन त्यांच्याकडे भिरकावला. "हेड्स अप!"

ताई मागे वळल्या, आणि कॅन हवेतच झेलला. डाव्या हाताने. खालून, सहज, न बघितल्यासारखा.

आणि पुढच्याच क्षणी तो उजव्या हातात घेतला. घाईने. आजूबाजूला बघत, कोणी पाहिलं तर नाही ना, अशा थाटात.

हे दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नसतं. डेबच्या दृष्टीने एका बाईने कॅन झेलला, संपलं. पण ती घाई मी ओळखत होतो. प्रसादाला चुकून डावा हात पुढे केलेलं मूल असंच हात मागे घेतं. मी धावतच गेलो.

"ताई, तुम्ही डावऱ्या आहात?"

"नाही रे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "होते."

"होते म्हणजे?"

"लहानपणी होते. सोडवली सवय. जेवायला बसलं की आई डावा हात फ्रॉकच्या नाडीला बांधून ठेवायची. शाळेत बाईंनी पट्टीने सोडवली. चौथीपर्यंत गेली पूर्ण." एखादं जुनं पडसं बरं झाल्याचं सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

आणि मला मॉप आठवला. कॅमेऱ्यात काहीही उलटं दिसत नव्हतं. बाईने आपण होऊन मॉप डाव्या खांद्याला लावला होता, आणि मी म्हटलं होतं, उजव्या खांद्याला हं. त्या 'सॉरी, सॉरी' म्हणाल्या होत्या. त्यांची आई, शाळेतल्या बाई, हवालदार, आणि त्या रांगेत शेवटी मी. मान खाली घालावीशी वाटली, आणि मी ती घातलीही.

रॉसने विचारलं असतं, बॉल कुठल्या हाताने फेकतेस? मी काय विचारलं? लिहिता कशाने, जेवता कशाने. मराठी घरात जे दोन हात हमखास बदलून मिळतात, नेमके तेच दोन. आणि उत्तर बरोबर आलं म्हणून खूश झालो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातला कळसाही मीच लपवला होता.

"ताई, दोन्ही हात पुढे करा. तळव्यांमध्ये छोटी खिडकी ठेवा. तिच्यातून तो लाल झेंडा बघा. आता झेंडा न सोडता हात हळूहळू चेहऱ्याजवळ आणा."

ही दोन मिनिटांची परीक्षा असते. हात ज्या डोळ्यापाशी येतात, तो डोळा मालक. दुसरा नुसता मदतनीस. ताईंची खिडकी सरळ डाव्या डोळ्यापाशी येऊन थांबली. तीनदा केलं, तीनदा डावीकडेच. मालक डावीकडे, बंदूक उजवीकडे. दोन्ही डोळे उघडे असले की मालक आपल्याच जागेवरून बघणार, म्हणून गोळी शेजारून जाणार. ठिपका शोधायला मान कलंडणार, आणि माझा उंचवटा त्या मानेच्या आड येणार. मी जितकं चांगलं काम करत गेलो, तितकं वाईट होत गेलं.

"म्हणजे हवालदार चुकला होता?" ताईंनी विचारलं.

"सगळेच चुकलो, ताई. रायफल डाव्या खांद्यावर घेता?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना भर बाजारात शिट्टी मारायला सांगितली होती. "आत्ता? मॅचमध्ये?"

साधी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल असती तर आमचं घोडं तिथेच पेंड खात बसलं असतं, कारण तिची काडतूस भरायची मूठ उजव्या बाजूला असते. पण लिव्हरवालीची कडी मधोमध, पोटाखाली. तिला उजवं काय आणि डावं काय. अडचण एकच होती, डाव्या बाजूचा माझा अक्रोड. तो काढला की गालाला आधारच उरत नव्हता.

आम्ही डेबला सगळं खरं सांगितलं. तिने ऐकलं, आणि आम्हाला सेफ एरियात पाठवलं. तिथे रिकामी बंदूक हाताळता येते, पण आसपास एकही काडतूस आणायचं नाही. मी खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने उंचवट्याचे चार स्क्रू काढले. सात वेळा तेल दिलेलं काम चाळीस सेकंदांत सुटून हातात आलं.

"आता गाल कशावर टेकवायचा?" मी म्हटलं. "फोम पाहिजे, पट्टी पाहिजे."

"थांब," म्हणून ताई गाडीकडे गेल्या आणि कामावरची बॅग घेऊन आल्या. तिच्यातून जांभळ्या रंगाचं चिकटणारं बँडेज निघालं, रक्त काढल्यावर कोपराला गुंडाळतात ते. गाडी पुसायचा नवा स्पंज सापडला. स्पंज मी दस्त्याच्या उजव्या बाजूला धरला आणि त्यांनी बँडेज गुंडाळलं. असं सफाईने की मी बघतच राहिलो. बत्तीस वर्षं पॅथॉलॉजीत घालवलेला हात होता तो. बँडेज कोणत्या हाताने गुंडाळतात तेही मी आता बघितलं. दोन्ही हातांनी, आलटून पालटून.

"घट्ट झालं का पेशंटला?" त्यांनी विचारलं. सकाळपासून पहिल्यांदा त्या खरोखर हसल्या.

मग डेब शेजारी उभी राहिली आणि तिने रिकामी रायफल त्यांच्याकडून वीस-पंचवीस वेळा डाव्या खांद्यावर उचलून घेतली, नळीचं तोंड कायम मातीच्या बांधाकडे आहे ना ते बघत. पहिल्या चार-पाच वेळा ताई अडखळल्या. सहाव्या वेळी रायफल खांद्याला लागली आणि त्या एकदम म्हणाल्या, "अरे! ठिपका इथेच आहे की!"

मान सरळ होती. मी चष्मा पुसल्यासारखं केलं.

दुसऱ्या स्टेजला दोन पडल्या. कडी डाव्या हाताने ओढायची सवय नव्हती, बोटं गोंधळत होती. तरी पहिली प्लेट टण् करून आडवी झाली, तेव्हा ताईंनी टायमर चालू असताना मागे वळून माझ्याकडे बघितलं. डेब ओरडली, "आइज फ्रंट, लव्ह!"

तिसऱ्या स्टेजला चार पडल्या. एव्हाना आमच्या गटातल्या सगळ्यांना गोष्ट कळली होती. एक दाढीवाला येऊन रायफलच्या बँडेजकडे बघत म्हणाला, "व्हॉट हॅपन्ड टू हर, मेट?" मी म्हटलं, "फॅमिली हिस्टरी." त्याला काय कळलं देव जाणे, पण नो वरीज म्हणून गेला.

हिशेब सोपा होता. सहा झाल्या होत्या. निम्म्या म्हणजे बारा. शेवटच्या स्टेजला सहाच्या सहा पाहिजेत.

ताई खुणेवर जाऊन उभ्या राहिल्या. बीप. पहिली पडली. दुसरी पडली. चार पावलं चालून पिंपामागून तिसरी, लगेच चौथी. माझ्या हातातला अक्रोडाचा तुकडा मी इतका घट्ट दाबला होता की त्याची कड तळव्यात रुतली. पाचवी पहिल्या गोळीला चुकली, दुसऱ्या गोळीला पडली. राहिली सहावी, सगळ्यात लांबची आणि सगळ्यात लहान. ताईंनी श्वास घेतला. चाप ओढला.

टण्!

प्लेट हलली. मागे झुकली. पुढे आली. पुन्हा मागे झुकली. आणि उभी राहिली.

स्टेजला नेमून दिलेला वेळ संपला होता. नियम असा की आवाज कितीही येवो, प्लेट आडवी झाली तरच मोजायची. डेबने टॅबलेटवर पाच लिहिलं. तिलाही वाईट वाटल्याचं दिसत होतं. एकूण अकरा.

मी ताईंकडे गेलो. अकरा म्हणजे निम्म्याला एक कमी, आणि ही बाई शब्दाची पक्की. त्यांना आधी चुकीच्या मापाची रायफल दिली होती आणि आता बरोबर मापाची रायफल विकायला लावणार होतो. "ताई, माझ्यामुळे झालं हे," मी म्हटलं. "पहिला स्टेज धरू नका ना."

"का नाही धरायचा? नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या. रायफल रिकामी करून दाखवली, केसमध्ये ठेवली, कुलूप लावलं. मग मास्क खाली ओढून घटाघट पाणी प्यायल्या आणि टॅबलेटवरचा आकडा दाखवायला डेबला जवळ बोलावलं.

"अठरांपैकी अकरा," त्या तिला म्हणाल्या. "इलेव्हन आउट ऑफ एटीन. निम्म्यापेक्षा दोन जास्त."

"ट्वेन्टी-फोर, डार्लिंग," डेब म्हणाली.

"नो. पहिल्या सहा माझ्या नव्हत्याच," ताई म्हणाल्या. डेबला कळावं म्हणून त्या इंग्रजीत सांगत होत्या, पण बघत होत्या माझ्याकडे. "त्या आईने शिकवलेल्या मुलीच्या होत्या. शी इज रिटायर्ड नाऊ."

निकालात त्या खालून दुसऱ्या आल्या. सगळ्यात खाली जो होता त्याची शॉटगन अडकली होती.

सोमवारी रॉसने बँडेज बांधलेली रायफल बेंचवर बघितली. नवा उंचवटा, या वेळी उजव्या बाजूला, करायला ताई ती सोडून गेल्या होत्या. मी त्याला सगळं सांगितलं, मॉपसकट. तो हसला नाही. त्याने बँडेज सोडवायच्या आधी कॅलिपरने त्याची जाडी मोजली आणि मापाच्या वहीत लिहून ठेवली. म्हणाला, "ही तिने स्वतः केलेली उंची आहे. हीच ठेव. एक मिलिमीटरही सुधारू नकोस."

मी सुधारली नाही. गिऱ्हाइकाला त्याचा हात विचारला, तर तो बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचा तरी सांगतो. त्यात त्याची लबाडी नसते. त्यामुळे आता गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याच्याकडे काहीतरी भिरकावतो. आत्तापर्यंत दोन कप फुटले आहेत, पण रायफल एकही परत आलेली नाही.